पाच भोकांची वंशावळ

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि एकमेकींपासून सगळ्यात लांब पडलेल्या दोन भोकांमधलं अंतर कॅलिपरने मोजायचं. घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसं भरणारा अमेरिकन नेमबाज आपल्या मेहनतीचा निकाल असा लावतो. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, त्यातून एका गोळीची जाडी वजा करायची. एक इंच भरलं तर मान ताठ. दोन इंच भरलं तर दारूचं माप बदल, गोळी बदल, प्राइमर बदल, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा रेंजवर. या अंतराला म्हणतात ग्रुप. आपल्याकडच्या नेमबाजांच्या तोंडीही तोच शब्द आहे. ‘ग्रुपिंग कसं आलं?’ ही रेंजवरची रोजची चौकशी.

या मोजमापात एक विचित्र गोष्ट आहे. पाच गोळ्या झाडायच्या आणि मोजताना त्यातल्या दोनच धरायच्या. मधल्या तीन कुठेही पडोत, त्यांना हिशेबात जागा नाही. पाच विद्यार्थ्यांचा वर्ग तपासायला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका यांच्यातला फरक तेवढा नोंदवावा, तसला हा प्रकार. तरीही गेली शंभर-सव्वाशे वर्षं तो टिकून आहे, आणि त्याच्याआधीची शहाणी मोजमापं मागे पडली. हे कसं झालं ते बघायला थोडं लांबून यावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या नेमबाजीच्या चढाओढीत निकाल दोऱ्यावर लागायचा. मध्यबिंदूपासून पहिल्या भोकापर्यंत दोरा धरायचा, मग तिथून पुढचा दोरा दुसऱ्या भोकासाठी, असं करत दहाही गोळ्यांची अंतरं एकाच दोऱ्यावर जोडत जायची. ज्याचा दोरा सगळ्यात आखूड, तो जिंकला. या पद्धतीत एकही गोळी सुटत नव्हती, हा तिचा मोठेपणा. तिची खोट वेगळीच होती. नेम डावीकडे सरकला असेल तर दहाच्या दहा गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसूनही दोरा लांबच भरायचा. नेमबाजाची चूक, बंदुकीची चूक आणि काडतुसाची चूक यांची एकच गाठोडी बांधली जायची.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा हायरम बर्डन नावाच्या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने उत्तरेच्या सैन्यासाठी निवडक नेमबाजांची पलटण उभी केली. तिच्यात शिरायची परीक्षा दोऱ्याचीच होती: दोनशे यार्डांवरून लागोपाठ दहा गोळ्या, आणि मध्यापासूनचं सरासरी अंतर पाच इंचांच्या आत. म्हणजे दोरा पन्नास इंचांहून लांब नको. हे बर्डन पुढे आणखी एका कामासाठी आपल्याला भेटणार आहेत, आणि तेव्हा त्यांची कामगिरी घरी काडतूस भरणाऱ्यांच्या दृष्टीने जरा तापदायकच ठरणार आहे.

गाठोडी सोडवली ती इंग्रजांनी. ज्या एन्फील्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून मेरठला भडका उडाला, तीच एन्फील्ड त्याच 1857 साली इंग्लंडमध्ये हाइथच्या नेमबाजी शाळेत वेगळ्याच परीक्षेला बसली होती. तिच्यासमोर होती जोसेफ व्हिटवर्थ यांची षट्कोनी नळीची रायफल. व्हिटवर्थ मूळचे यंत्रं आणि मापनसाधनं बनवणारे. इंचाचा बारीकसा अंश मोजण्यात त्यांची हयात गेलेली. इथे दोरा वापरला नाही. आधी सगळ्या भोकांचं मिळून एक सरासरी केंद्र काढायचं आणि मग प्रत्येक भोक त्या केंद्रापासून किती लांब आहे याची सरासरी घ्यायची. या आकड्याला त्यांनी ‘फिगर ऑफ मेरिट’ म्हटलं. पाचशे यार्डांवर एन्फील्डचा आकडा आला 2.24 फूट, व्हिटवर्थचा 0.37 फूट.

आकड्यांपेक्षा मला इथे त्यामागचा विचार मोठा वाटतो. नेम कुठे धरला होता हा प्रश्नच बाजूला काढला गेला. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ राहतात एवढंच विचारलं, आणि विचारताना एकही गोळी टाकून दिली नाही. हत्याराची आणि काडतुसाची परीक्षा नेमबाजाच्या परीक्षेपासून वेगळी झाली ती इथे. 1860 साली विम्बल्डनला नेमबाजीच्या स्पर्धांचं उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केलं, तेव्हा व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत आवळून ठेवली होती. राणीने नुसती चापाला बांधलेली दोरी ओढली आणि चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. नेमबाजीतून नेमबाजच वजा केल्याचं याहून चोख प्रात्यक्षिक शोधून सापडायचं नाही. महागडी आणि लवकर काजळी धरणारी म्हणून व्हिटवर्थ सैन्याने घेतली नाही, ते निराळं.

काडतूस घरी भरायची गोष्ट सुरू होते 1866 च्या सुमाराला. ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी, टोपी सगळं सुटंच असायचं. तिथे प्रत्येक जण आपली भरणी आपणच करायचा, त्यामुळे घरी भरण्यात वेगळं काही नव्हतं. पितळी पुंगळी आल्यावर प्रश्न उभा राहिला. गोळी गेली, दारू जळली, पण पुंगळी हातात राहिली, आणि तीच काडतुसातली सगळ्यात महाग वस्तू. ती पुन्हा वापरायची तर बुडातला जळका प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, काढून नवा बसवता आला पाहिजे. वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला बरोबर मधोमध एक भोक होतं. वरून सळई घाला, दाबा, जुना प्राइमर खाली पडतो. आपल्या बर्डनसाहेबांनी त्याच सुमारास दुसरी रचना काढली. तिच्यात मध्ये टेकू आणि बाजूला दोन बारीक भोकं. सळई घालायची सोयच नाही. गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन बर्डनची युरोपातल्या सैन्यांनी. अमेरिकेत घरोघरी काडतुसं भरण्याचा छंद फोफावला त्याची कारणं अनेक सांगतात, मोकळे कायदे, मोठी शेतं, शिकारीची परंपरा. पण बुडातलं ते एक भोक नसतं तर यातलं फारसं काही जमलं नसतं.

1884 साली जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये आयडियल नावाची कंपनी काढली. पकडीसारखं एक हत्यार ती विकायची. त्यात प्राइमर काढायची, बसवायची, गोळी दाबायची सगळी सोय. बरोबर एक पुस्तिका. छंदाला हत्यार मिळालं आणि बाराखडीही. इथून पुढे वाटेल ते प्रयोग करून बघणारी एक अख्खी जमात तयार झाली.

या जमातीचे शिरोमणी म्हणजे जर्मन वळणाच्या शूट्झेन स्पर्धांमधले नेमबाज. दोनशे यार्डांवर, उभ्याने, जड नळीच्या एकबारी रायफलीने खेळणारे. हॅरी पोप हे त्यांच्यातले नळ्यांचे कारागीर. पोपच्या रायफलीत गोळी नळीच्या तोंडातून आत सरकवायची आणि दारूची पुंगळी मागून घालायची. बहुतेक वेळा सबंध स्पर्धा एकाच पुंगळीवर पार पडे: झाडली, काढली, नवा प्राइमर, नवी दारू, पुन्हा आत. 1901 साली कोलोरॅडोच्या सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोपच्या नळीने टेकूवरून दोनशे यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचाहून कमी जागेत, 0.725 इंचांत बसवल्या. तो कागद कित्येक वर्षं दंतकथेसारखा मिरवला गेला.

आणि माझ्या मते घसरण तिथेच झाली. फिगर ऑफ मेरिट छापील पानावर सांगायला कोरडी असते. 0.725 इंच म्हटलं की ऐकणारा आपला अंगठा बघतो. दोन टोकांमधलं अंतर मोजायला केंद्र काढावं लागत नाही, भागाकार लागत नाही, आणि कागद मित्राच्या हातात दिला तर त्यालाही नुसत्या डोळ्यांनी पटतं. ग्रुप जिंकला तो सोयीमुळे आणि मिरवण्यामुळे. शिवाय रोलंडनी दहा गोळ्या झाडल्या होत्या. पुढे दहाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. काडतुसं महाग, आणि कमी गोळ्यांचा ग्रुप दिसतोही सुबक.

या धांदलीतही एक माणूस मुळाशी जात राहिला. डॉ. फ्रँकलिन मॅन, मॅसॅच्युसेट्सच्या मिलफर्ड गावचे. शिक्षणाने वैद्य, पण पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी ओली हाडं कातरणारं यंत्र बनवून. त्या हाडांच्या पैशावर त्यांनी घराशेजारी स्वतःची रेंज उभारली. काँक्रीटचा एक अवजड खांब जमिनीत गाडला, त्याला नाव दिलं ‘शूटिंग जिब्राल्टर’. रायफलीचा दस्ता काढून नुसती नळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत ठेवायची, म्हणजे माणसाचा खांदा, श्वास, बोट सगळं वगळलं. मग गोळीच्या वाटेवर पातळ कागदांचे पडदे एकामागे एक टांगायचे. गोळी सरळ गेली तर भोक गोल, तिरकी झाली तर लांबट. पडद्यामागून पडदा बघत गेलं की गोळी हवेत कशी डुलत गेली याचा अख्खा माग हातात.

मॅननी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या. कुणाचं नाक चेपलं, कुणाचं बूड कानशीने तिरकं घासलं. चेपक्या नाकाच्या गोळ्या आश्चर्य वाटावं इतक्या नीट जात. तिरक्या बुडाच्या मात्र सैरावैरा. कारण नळीच्या तोंडातून बाहेर पडताना मागचा वायू सगळ्या बाजूंनी एकदम सुटला पाहिजे. एक कड आधी मोकळी झाली की तो तिथून फुसकन निसटतो आणि जाता जाता गोळीला धक्का देतो. वर्षानुवर्षांचे हे प्रयोग त्यांनी 1909 साली पुस्तकात मांडले. छंदिष्टांनी पुस्तक पुजलं, पण पद्धत थोड्यांनीच उचलली. ती उचलली लष्करी कारखान्यांनी. काडतुसांच्या लॉटची अचूकता तपासताना चौकटीत आवळतात त्या जड नळीला अमेरिकन शस्त्रागारांत अजूनही मॅन बॅरल म्हणतात.

इथवरची सगळी कहाणी एकेक गोळी हाताने भरणाऱ्या रायफलींची. 1936 साली अमेरिकेच्या सैन्याने जॉन गॅरंड यांची एम-1 स्वीकारली आणि हिशेब बदलला. आठ काडतुसांची क्लिप वरून दाबायची. पुढे चाप ओढेल तशी एकेक गोळी सुटते, म्हणून ही सेमी-ऑटोमॅटिक. नळीच्या पुढच्या टोकाजवळून थोडा वायू घेऊन एक लांब दांडा मागे ढकलला जातो, तो रिकामी पुंगळी उडवतो आणि परतताना नवं काडतूस आत ठोसतो. सैनिकाला वरदान. काडतूस भरणाऱ्याची मात्र पंचाईत.

पोपच्या जमान्यात एकच पुंगळी रुमालात गुंडाळून जपत. गॅरंडची पुंगळी दहा-बारा फुटांवर गवतात जाऊन पडते, खांद्याला पोचा आणि कडेला ओरखडा घेऊन. एकबारी किंवा बोल्टच्या रायफलीत गोळी नळीतल्या आट्यांना टेकेल इतकी पुढे बसवता येते. इथे काडतूस मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे, म्हणजे लांबीला कुंपण. बोल्टवाला पुंगळीची फक्त मान आवळून घेतो, इथे ती सबंध मूळ मापाला आणावी लागते, नाहीतर आत अडकेल. दारू सावकाश जळणारी निवडली तर नळीच्या टोकाशी दाब जास्त उरतो आणि तो दांडा वाकतो. प्राइमर जरा वर राहिला तर त्याहून वाईट. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट आपटला की ती पुढे येऊन प्राइमरला चाटते. म्हणून सुटं काडतूस थेट नळीत ठेवून त्यावर बोल्ट सोडू नये, असं जुने जाणते बजावत आले आहेत. चाप न ओढता गोळी सुटल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

परीक्षेतही नवाच घोळ. क्लिपमधली पहिली गोळी हाताने बोल्ट सोडून आत जाते, बाकीच्या यंत्राच्या धक्क्याने. बोल्ट दोन्ही वेळा अगदी सारखा बसेलच असं नाही, आणि कित्येक गॅरंडमध्ये पहिलं भोक बाकीच्यांपासून फटकून पडतं. आता ते ग्रुपमध्ये धरायचं की नाही? धरलं तर काडतुसावर अन्याय, सोडलं तर स्वतःची फसवणूक. टोकाच्या दोन भोकांवर निकाल लावणाऱ्या मोजमापात तर ते एकटं भोकच सगळा निकाल ठरवून टाकतं. सरासरी अंतराच्या जुन्या पद्धतीत त्याचा आवाज इतरांइतकाच असता.

तरीही भरणाऱ्यांनी गॅरंड सोडली नाही, कारण युद्धाने त्यांच्यासाठी बक्कळ दारू मागे ठेवली होती. गॅरंडच्या .30-06 काडतुसासाठी ड्यूपाँटने बनवलेली 4895 ही दारू युद्ध संपल्यावर सरकारकडे पडून राहिली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी विम्यावर कर्ज काढून तिची पन्नास हजार पौंड खरेदी केली आणि जाहिरात देऊन छंदिष्टांना विकायला काढली. गॅरंडच्या दांड्याला मानवणारी दारू आता स्वस्तात घरपोच. सैनिकी रायफलीने स्पर्धा खेळणाऱ्यांना यापरतं काय हवं होतं?

या स्पर्धांची पंढरी म्हणजे ओहायोत ईरी सरोवराच्या काठचं कॅम्प पेरी. 1907 पासून राष्ट्रीय सामने तिथे भरतात. 1950 च्या दशकात सरकारी शस्त्रागार खास निवडून जुळवलेल्या गॅरंड या सामन्यांसाठी पुरवू लागलं, नंतर एम-14 रायफली. काडतूसही सरकारी मिळे, 173 ग्रेनच्या गोळीचं. ती गोळी बरी होती, पण सिएरा कंपनीची 168 ग्रेनची गोळी तिच्याहून सरस निघाली. मग चलाख मंडळींनी सरकारी काडतुसातली गोळी उपसायची, दारू तशीच ठेवायची आणि तोंडात सिएराची गोळी बसवायची असा उद्योग सुरू केला. त्याला ‘मेक्सिकन मॅच’ असं हेटाळणीचं नाव पडलं, पण त्याचे ग्रुप हेटाळण्यासारखे नव्हते. शेवटी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यानेच 168 ग्रेनच्या सिएरा गोळीचं एम-852 हे काडतूस सामन्यांसाठी काढलं. एम-14 ची जागा पुढे एआर-15 घराण्याच्या रायफलींनी घेतली, आणि मॅगझिनच्या लांबीचं कुंपण आणखी आत आलं. सहाशे यार्डांसाठी 80 ग्रेनची लांब गोळी मॅगझिनमध्ये मावतच नाही. ती सामन्यात एकेक करून हाताने भरतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफल पुन्हा एकबारी होते, निदान तेवढ्यापुरती.

मोजमापाचा मूळ प्रश्न दरम्यान ॲबरडीनच्या लष्करी संशोधनशाळेत फ्रँक ग्रब्ज नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हाती घेतला होता. 1964 सालच्या त्यांच्या पुस्तिकेत सगळी मोजमापं शेजारी शेजारी ठेवून तपासलेली आहेत. निष्कर्ष छंदिष्टांना रुचणारा नव्हता. ज्या काडतुसाचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी दीड इंच येतो, त्याचाच एखादा ग्रुप एक इंचाचा आणि एखादा दोन इंचांचा सहज येतो, काहीही न बदलता. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच असेल तर त्याच काडतुसाचा दहा गोळ्यांचा सरासरी दीड इंचाच्या पुढे जातो. म्हणजे शनिवारी दारूचं माप अर्ध्या ग्रेनने वाढवून ग्रुप अर्ध्या इंचाने आवळला म्हणून आनंदून घरी जाणारा माणूस बहुधा नशिबालाच शाबासकी देत असतो. क्रेटन ऑडेट यांनी रूढ केलेली ‘शिडी’ची परीक्षा, दर गोळीला दारू किंचित वाढवत जायचं आणि भोकं कुठे एकाच पातळीवर दाटतात ते बघायचं, तिलाही हाच रोग लागू. वर्षभर तीच पुंगळी जपणाऱ्या बेंचरेस्टवाल्याच्या, म्हणजे टेबलावर टेकवून झाडणाऱ्याच्या, रायफलीत तिच्यातून काही दिसतही असेल. पुंगळ्या गवतात फेकणाऱ्या रायफलीत शिडीच्या पायऱ्या आणि योगायोग वेगळे काढणं कर्मकठीण.

‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाने यावर तडजोड काढली: पाच-पाच गोळ्यांचे लागोपाठ पाच ग्रुप आणि त्यांची सरासरी. मोबाइलवर कागदाचा फोटो काढून प्रत्येक भोकावर बोट टेकवलं की केंद्र आणि सरासरी अंतर क्षणात काढून देणारी ॲपही आता आली आहेत. हाइथच्या कारकुनाला त्या हिशेबाला बराच वेळ लागत असणार. अनेकांना वाटतं की सरासरी अंतर ही नव्या जमान्याची युक्ती आहे.

आपल्याकडे ही कहाणी वेगळ्या वळणाने पोचते. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून असला तरी परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे टेबलावर काडतुसं भरण्याचा छंद इथे रुजला नाही. शिवाय आपल्या नेमबाजांनी नाव काढलं ते .22 रायफलीत. 2010 साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, 2024 साली ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य मिळवलं, दोन्ही 50 मीटरवर, .22 च्या रायफलीने. या काडतुसात प्राइमरचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. एकदा झाडली की ती पुंगळी फेकायचीच. भरणी बदलता येत नाही, म्हणून नेमबाज लॉट निवडतो. बर्मिंगहॅमला ईले आणि जर्मनीत लापुआ या कंपन्यांनी त्यासाठी बंदिस्त रेंज बांधल्या आहेत. नेमबाजाची नळी तिथे चौकटीत आवळतात, मॅनच्याच रीतीने, आणि 50 मीटरवर एकेका लॉटची काडतुसं झाडून ग्रुप पडद्यावर दाखवतात. दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर, ग्रुप त्यात मावला तर लॉट घेण्याजोगा. कारखाना तोच, खोका तोच, दर तोच, तरी एका नळीला रुचलेला लॉट शेजारच्या नळीला रुचेल याची हमी नाही. जुळलेला लॉट मिळाला की ऐपतीप्रमाणे हजारोंनी काडतुसं घेऊन ठेवायची, आणि तो संपत आला की पुन्हा तिथे जाऊन सगळं पहिल्यापासून.